बारावा डॉक्टर

(आपल्या संस्थेच्या घोडेगाव येथील वार्षिक मेळाव्यात, आदिवासी भागात दीर्घकाळ आरोग्यसेवेशी संबंधित असलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेले भाषण. शब्दांकन थोडे संक्षिप्त केले आहे.)



मघाशी माझी ओळख करून देताना म्हणाले की डॉक्टरांनी तरुणपणी डिंभ्याच्या पलीकडे डोंगरात सेवा केली. हे ऐकून टाळ्या वाजल्या. पण ती सेवा किती दिवसांची होती, हे कोणी सांगितलं नाही. चौदा महिने. त्यानंतर मी निघून गेलो. तेव्हा आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो टिकलेला डॉक्टर म्हणून नव्हे, सोडून गेलेला डॉक्टर म्हणून. टिकलेल्यांचे आपण सत्कार करतो, त्यांच्या मुलाखती छापतो, ते योग्यच आहे. पण ‘दुर्गम भागात डॉक्टर का टिकत नाहीत’ हे समजून घ्यायचं असेल तर गेलेल्यांनाही कधीतरी विचारलं पाहिजे. मला आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून आज मीच सांगतो.

१९९७ साली पावसाळ्याच्या आधी मी रुजू झालो. एमबीबीएस नुकतंच झालेलं. केंद्राचं नाव मी सांगत नाही. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात तशी बरीच केंद्रं आहेत, आणि तेव्हाची गोष्ट त्यांतल्या कुठल्याही केंद्राची असू शकली असती. पहिल्या दिवशी चार्ज घ्यायचा म्हणून नर्सबाईंनी रजिस्टर काढलं. कार्यभार दिला, कार्यभार घेतला, तारीख, सही. मी सही केली आणि सहज मागची पानं उलटली. बाई म्हणाल्या, “सर, मोजू नका. मी सांगते. तुम्ही बारावे.” बाई त्या केंद्रावर एकोणीस वर्षं होत्या. एकोणीस वर्षांत बारा डॉक्टर! एकेकाच्या वाट्याला सरासरी वीस महिनेसुद्धा येत नाहीत. मी मनात म्हटलं, बाई, मी तसा नाही. पुढे चौदा महिन्यांनी त्याच रजिस्टरवर ‘कार्यभार दिला’ म्हणून सही केली, तेव्हा माझी गणना त्या सरासरीच्याही खाली गेली.

तिथलं सगळं वाईट होतं असं नाही. आज सांगतो, डॉक्टर म्हणून मी जे काही शिकलो त्यातलं अर्धं त्या चौदा महिन्यांतलं आहे. महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशी तिन्ही समाजांची माणसं ओपीडीत यायची. सुरुवातीला मला त्यांचं बोलणं कळायचं नाही आणि त्यांना माझं. “कधीपासून त्रास आहे” विचारलं की उत्तर यायचं, “आवणीच्या आधीपासून.” आता आवणी म्हणजे भाताची लावणी, आणि ती इथे कोणत्या महिन्यात होते, हे पुण्यात शिकलेल्या पोराला काय माहीत? बाईंनी मला पंचांगासारखं हे सगळं शिकवलं. राब भाजायचे दिवस, आवणी, भातकापणी, हिरडा गोळा करायचे दिवस. भात निघाला की माणसं नारायणगाव-ओतूरकडे बागायतीच्या मजुरीला उतरतात, मग तेव्हा वाडीवर लसीकरणाला मुलं सापडत नाहीत. हे ज्याला माहीत नाही तो औषधं कितीही बरोबर देवो, त्याचं काम अर्धवटच राहतं. आणि हे कळायला एक वर्ष लागतं. म्हणजे डॉक्टर कामाचा व्हायला लागतो, तेवढ्यात तो जातो. बारा वेळा त्या केंद्राने नवा डॉक्टर घडवला आणि बारा वेळा तो दुसऱ्याच्या उपयोगाला गेला.

आता मी का गेलो ते सांगतो.

राहायला क्वार्टर होतं. पावसाळ्यात त्याच्या दोन खोल्यांपैकी दीड खोली कोरडी असायची. वीज जायची ती तीन-तीन दिवस. फोन ग्रामपंचायतीत एक, तोही जून ते सप्टेंबर मुका. पण तरुणपणी या गोष्टी माणूस सोसतो, किंबहुना मित्रांना रंगवून सांगतो. मला सोसलं नाही ते वेगळंच होतं. केंद्राला वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं दोन मंजूर होती, पण दुसरं रिकामं होतं. म्हणजे सकाळची ओपीडी, रात्रीची बाळंतपणं, उपकेंद्रांच्या भेटी, बैठका, अहवाल, शवविच्छेदन, सगळं एकट्याने. आणि एकट्या माणसाला रजा नसते. कागदावर असते. पण तो रजेवर गेला की केंद्र उघडं असूनही बंद असतं.

त्याच वर्षीच्या जुलैमधली गोष्ट आहे. माझ्या पत्नीला सातवा महिना होता, ती पुण्याला होती आणि तिला ताप येत होता. मी शनिवारी दुपारी निघालो, रविवारी संध्याकाळी परतायचं असं ठरवून. रविवारी रस्त्यावर दरड आली, एसटी अडकली. सोमवारी सकाळी पोचलो तर बाई पायरीवर बसलेल्या.

रविवारी पहाटे ठाकरवस्तीवरच्या नऊ वर्षांच्या मुलाला मण्यार चावली होती. जमिनीवर अंथरूण, झोपेतच चावली. मण्यारीच्या दंशाला वेदना फारशी नसते, सूज नसते. पोट दुखतंय म्हणून मूल उठलं, मग पापण्या जड व्हायला लागल्या. आणि ऐका, ती माणसं कुठल्या भगताकडे गेली नाहीत. आपण नेहमी म्हणतो ना, अंधश्रद्धा आहे, उशिरा येतात. ही माणसं घोंगडीची झोळी करून, भर पावसात, दोन तास चालून सरळ दवाखान्यात आली. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. दवाखान्यात डॉक्टर नव्हता.

कपाटात सर्पविषावरच्या लशीच्या चार कुप्या होत्या. अशा रुग्णाला सुरुवातीलाच दहा लागतात. बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर त्या चारही दिल्या. कोणाला विचारायचं तर फोन बंद. श्वास मंदावला तर पिशवीने श्वास कसा देत राहायचा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मीही नाही. दीड महिना मी त्या केंद्रावर होतो, मला सुचलं नाही. जीप मिळाली, मूल खाली पाठवलं, पण डिंभ्यापर्यंतही ते पोचलं नाही.

मुलाचे वडील दोन आठवड्यांनी दवाखान्यात आले. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, “डॉक्टर, पुढच्या वेळी तुम्ही गावाला जाणार असलात तर आदल्या दिशी कळवा. म्हणजे आम्ही इथं थांबणार नाही, सरळ खाली जाऊ.” एवढंच बोलून ते गेले.

मित्रहो, त्यांनी मला दोष दिला असता तर मी बाजू मांडली असती, की रजा मंजूर होती, दुसरं पद रिकामं होतं, दरड काही मी पाडली नव्हती. पण त्यांनी फक्त व्यवस्थेतली एक त्रुटी दाखवली आणि तिच्यावर उपायही सुचवला. त्यानंतरच्या वर्षभरात मी किती वेळा केंद्र सोडलं असेल? चार वेळा. प्रत्येक वेळी पोटात गोळा असायचा. बाळ झालं, ते पहिले सहा महिने मी त्याला फोटोत पाहिलं म्हणा. पुढच्या वर्षी पदव्युत्तर शिक्षणाची जागा मिळाली आणि मी गेलो. सुटका झाल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिली.

आता थोडं माझ्या बाहेरचं बोलतो, कारण ही एका केंद्राची गोष्ट नाही. आपल्याकडे डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांना एक उपकेंद्र असा निकष आहे. त्याच्या वर ऐंशी हजारांना सामुदायिक आरोग्य केंद्र, ज्याला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो. तिथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ असावेत अशी अपेक्षा. आता केंद्र सरकारचीच २०२१-२२ ची ग्रामीण आरोग्य सांख्यिकी पाहा. देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके तज्ज्ञ हवेत, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के नाहीत. पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या. इमारत आहे, पाटी आहे, खाटा आहेत. वरच्या दवाखान्यात पाठवून उपयोग व्हायला वर तरी कोणी असायला हवं ना? खालचा डॉक्टर हतबल होतो तो यामुळेही.

यावर सरकारने काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची सेवा बंधनकारक आहे, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. आदिवासी भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आहे. नवसंजीवनी योजनेखाली मानसेवी डॉक्टरांची भरारी पथकं वाड्यांवर फिरतात, त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत आणि आदिवासी पट्ट्यातल्या आरोग्यसेवेचा मोठा भार त्यांनीच पेलला आहे. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली, आणि तिच्यात डॉक्टर असतो. सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं.

या सगळ्याने डॉक्टर येतो. प्रश्न तो येण्याचा कमी आणि राहण्याचा जास्त आहे. बंधपत्राचा डॉक्टर भिंतीवर दिवस मोजत असतो. त्याला मी दोष देत नाही. मीही मोजले आहेत.

मग कोण राहतं? आपल्या मनात लगेच नावं येतात. हेमलकशाला १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. ही माणसं मोठी आहेत, त्यांच्यापुढे हात आपोआप जोडले जातात. पण आपण त्यांच्या गोष्टी अशा सांगतो की जणू फक्त त्याग पुरतो. जरा नीट पाहा. दोन्ही ठिकाणी नवरा-बायको दोघं होते. हेमलकशाला विलास मनोहर, रेणुका मनोहर यांच्यासारखे सोबती होते, मागे आनंदवन उभं होतं. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी गावातल्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. आपल्याच पुणे जिल्ह्यात वढूला डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात केईएम रुग्णालयाचं बळ खेड्याच्या मागे लावलं. एकटं असं यांपैकी कोणीच नव्हतं. मला जर तेव्हा आणखी एक डॉक्टर सोबती असता, तर त्या रविवारी तो तिथे असता.

जगभरचा अनुभवही हेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकावेत म्हणून २०१० साली शिफारशी केल्या, २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यात पैसा आहे, बंधनंही आहेत. पण त्याबरोबर दोन गोष्टी ठळक आहेत. एक, खेड्यातून आलेल्या मुलांना वैद्यकीय शिक्षण द्या, ती खेड्यात राहण्याची शक्यता जास्त असते. दुसरी, तिथे राहणाऱ्याच्या जगण्याची आणि शिकण्याची सोय करा. जपानमध्ये जिची नावाचं वैद्यकीय विद्यापीठ १९७२ मध्ये याच हेतूने निघालं. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं निवडायची, त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा आणि त्यांनी आपल्याच प्रांतात साधारण नऊ वर्षं काम करायचं. आणि इतकं लांब कशाला? सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिथली पहिल्या वर्षाची मुलं गावात मुक्कामाला जातात, प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवलेली असतात. गाव काय असतं, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी चार्ज रजिस्टरवर कळत नाही.

मी परत कसा आलो, तेही सांगतो. ३० जुलै २०१४. माळीण. डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. एसटीचा चालक गाडी घेऊन गेला तेव्हा त्याला गावच दिसेना, त्याने ही बातमी दिली. मी तोवर शहरात स्थिरावलेला, स्वतःचा दवाखाना असलेला डॉक्टर होतो. दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर औषधं घेऊन आलो. तिथे डॉक्टर भरपूर होते. इतके, की माझ्यासारख्यांना काम नव्हतं. ते पाहून मी स्वतःलाच विचारलं, आज आम्ही सगळे आलो आहोत, पण येत्या नोव्हेंबरात, एखाद्या साध्या मंगळवारी, इथे कोण असेल? संकटाच्या दिवशी माणसं धावून येतात, हा आपला गुण आहे. साधा मंगळवार मात्र कोणाचाच नसतो. तेव्हापासून आपल्या संस्थेच्या दवाखान्यात मी दर शनिवारी येतो. फार मोठं काही करत नाही. पण शनिवार सांभाळतो.

आता संस्थेने काय करावं, याबद्दल माझ्या मनात आलेल्या पाच गोष्टी. भाषणापेक्षा यांच्यावर चर्चा झाली तर मला जास्त आनंद होईल.

पहिली गोष्ट, घर. देणगीदारांना यंत्र द्यायला आवडतं, कारण यंत्रावर नाव घालता येतं. मी विनंती करतो, एका डॉक्टरच्या घराचं छप्पर द्या. न गळणारं छप्पर, नळाला पाणी, इन्व्हर्टर, आणि एक लेखनाचं टेबल. सोनोग्राफीचं यंत्र धूळ खात पडलेलं मी पाहिलं आहे. कोरडी खोली कधी वाया गेलेली पाहिली नाही.

दुसरी, जोडी. संस्थेच्या दवाखान्यासाठी डॉक्टर नेमताना एकटा नेमू नका. दोन मित्र, दोन मैत्रिणी, नवरा-बायको, कसंही. एकच माणूस मिळत असेल तर दुसरा मिळेपर्यंत थांबलेलं परवडेल. आणि जोडीदार डॉक्टर नसेल तर त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी आश्रमशाळेत, कार्यालयात काही काम आहे का, हे नेमणुकीच्या आधी पाहा. डॉक्टर नोकरी सोडतो तो निर्णय बहुतेक वेळा घरात झालेला असतो, आणि मुलाच्या शाळेवरून झालेला असतो.

तिसरी, रजा. हीच माझी मुख्य मागणी आहे. या सभागृहात मला मंचर, नारायणगाव, चाकण, पुणे इथले पुष्कळ डॉक्टर दिसत आहेत. दरवर्षी प्रत्येकाने पंधरा दिवस द्यायचे. चोवीस डॉक्टर मिळाले तर ३६० दिवस होतात. म्हणजे डोंगरावरच्या डॉक्टरला घरी जायचं असेल तेव्हा त्याच्या जागी कोणीतरी बसलेलं असेल. सरकारी केंद्रावर असं परस्पर बसता येत नाही, त्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेशी लेखी ठरवावं लागेल. त्याला वेळ लागेल. तोवर आपल्या दोन दवाखान्यांपासून सुरुवात करू.

चौथी, फोनच्या पलीकडचा आवाज. आता मोबाइल आहेत, रेंज सगळीकडे नसली तरी पूर्वीपेक्षा बरी आहे. रात्री दोन वाजता डोंगरावरच्या पंचविशीतल्या मुलीला शंका आली, तर तिने फोन कोणाला करायचा? तिच्या भिंतीवर चार नावं लिहिलेली असावीत. स्त्रीरोग, बालरोग, भूल, सर्पदंश. आणि त्या चौघांनी चिडचिड न करता फोन उचलायचा. सर्पदंशाचं म्हणाल तर नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी याच भागात राहून त्यात आयुष्य घातलं आहे. ज्ञान आपल्या दाराशी आहे. ते डोंगरावरच्या नर्सबाईंच्या हातात पोचवायचं आहे. श्वासाची पिशवी कशी दाबायची, हे शिकवायला एक दुपार पुरते. ती एक दुपार मी दिली नाही.

पाचवी, आपली मुलं. आश्रमशाळेतल्या ज्या मुलींना जीवशास्त्र आवडतं, त्यांना आठवी-नववीपासून हाताशी धरा. सगळ्याच डॉक्टर होणार नाहीत. कोणी नर्स होईल, कोणी आयुर्वेदाला जाईल, कोणी औषधनिर्माती होईल. प्रवेश परीक्षेची तयारी, वसतिगृह, पुस्तकं, आणि पहिल्या वर्षी इंग्रजीमुळे घाबरून मुलगी घरी परत आली तर तिला पुन्हा सोडायला जाणारं कोणीतरी. याला दहा-बारा वर्षं लागतील. पण ज्या मुलीला आवणी म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागणार नाही, ती पहिल्याच दिवशी कामाची असेल.

या पाचांबरोबर गावकऱ्यांनाही दोन शब्द. सरपंच मंडळी, रागावू नका. रात्री अकराला रजेचा दाखला मागायला डॉक्टरांचं दार वाजवू नये. सुई टोचली नाही की ‘हा डॉक्टर काही खरा नाही’ असं पारावर म्हणू नये. लेडी डॉक्टर एकटी राहत असेल तर गावातली दोन घरं तिची झाली पाहिजेत, जिथे ती कधीही जाऊन चहा मागू शकेल. मला त्या चौदा महिन्यांत ज्या घरातून नाचणीची भाकरी यायची, ते घर आजही मला तोंडपाठ आहे.

आणि शेवटचं, जाणाऱ्याबद्दल. तीन वर्षं मन लावून काम केलेला डॉक्टर जाऊ लागला तर त्याला पळपुटा म्हणू नका. हार घाला, निरोप द्या, आणि त्याच्याकडून वर्षातले पंधरा दिवस मागून घ्या. आम्ही जे गेलो ते सगळेच काही विसरून गेलो असं नसतं. आम्हाला परत यायला दार दिसत नाही. मला ते दिसायला सोळा वर्षं लागली.

त्या नर्सबाई निवृत्त झाल्या. मध्यंतरी त्यांना भेटायला गेलो होतो. मी विचारलं, “बाई, माझ्यानंतर किती झाले?” त्या हसल्या. म्हणाल्या, “तुमच्यानंतर मी मोजायचं सोडलं, सर. येईल त्याला पहिल्या दिवशी आवणी कधी असते ते सांगायचे. बाकी त्याचं त्याला.” एकोणीस आणि पुढची कितीतरी वर्षं ते केंद्र खरं तर त्यांनी चालवलं. दुर्गम भागात कोण टिकलं, असं कोणी विचारलं तर आमच्या डॉक्टरांच्या यादीच्या आधी अशा बायकांची यादी करावी लागेल, आणि ती अजून कोणी केलेली नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. डॉक्टर मित्रांनी तिच्यात आपलं नाव आणि आपले पंधरा दिवस लिहायचे आहेत. कोणता महिना ते तुमचं तुम्ही ठरवा. दिवाळी, मे महिना, गणपती यांना मागणी असणार नाही हे मला माहीत आहे, कारण तेव्हा सगळ्यांनाच घरी जायचं असतं. डोंगरावरच्या डॉक्टरलाही जायचं असतं, म्हणून ते दिवस आधी भरले तर बरं. पहिल्या ओळीवर मी माझं नाव लिहून ठेवलं आहे. १ ते १५ जुलै. आवणीचे दिवस आहेत.